फुटबॉलचा नेम

गेल्या माघांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. आमची नात नववींत असून शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघांत खेळते. आंतरशालेय स्पर्धेच्या एका सामन्यांत दोन्ही पक्ष बरोबरीत राहिले, निकाल पेनल्टीवर लागावयाचा ठरला, आणि शेवटची पेनल्टी हिच्या वांट्यास आली. हिनें मारलेला चेंडू थेट गोलरक्षक मुलीच्या हातांत गेला व सामना गमावला. घरीं आल्यावर हिनें बूट पुसले, वर्तमानपत्रांत गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. रात्रीं जेवतांना एवढेंच म्हणाली, "आजोबा, नेम उपजतच असावा लागतो. माझ्यांत तो नाहीं."

घरांतील मंडळींचें यावर एकमत होईना. चिरंजीवांच्या मतें बूट माळ्यावर गेले हें उत्तमच झालें, कारण पुढील वर्ष दहावीचें. सूनबाईंस मुलीचा उतरलेला चेहरा पाहवेना. आमच्या वडील भगिनींना फुटबॉल व हॉकी यांतील भेद अद्याप उमगलेला नाहीं, त्या म्हणाल्या, "रांगोळीचे ठिपके चुकले तर पुसून पुन्हां मांडतात. रांगोळीचा डबा कोणी माळ्यावर टाकीत नाहीं." मी मात्र गप्प बसलों. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मनुष्यास चेंडूंतलें काय कळणार, असें माझें मलाच वाटलें. तरी मुलीचें वाक्य मनांतून जाईना. शब्दरूपें न येणाऱ्या मुलांच्या तोंडून 'हें माझ्यांत नाहीं' असें मीं शेंकडों वेळां ऐकलें आहे, आणि बहुधा तें खोटें ठरलेलेंही पाहिलें आहे.

दुसऱ्या दिवशीं तिला मीं एक शब्द फोडून दाखविला. 'अभ्यास' हा शब्द आपण पाठांतराला, गृहपाठाला, परीक्षेच्या तयारीला लावतों. त्याची व्युत्पत्ति पाहिली तर 'अभि' म्हणजे कडे, आणि 'अस्' म्हणजे फेंकणें. (असणें या अर्थाचा 'अस्' तो हा नव्हे, त्याचा गण निराळा.) याच धातूपासून धनुष्याला 'इष्वास', म्हणजे बाण फेंकणारें, असें नांव पडलें. तेव्हां अभ्यास म्हणजे मुळांत कशाच्या तरी रोखानें फेंकणें, पुनःपुन्हां फेंकणें. फुटबॉल खेळणाऱ्याला याहून जवळचा शब्द कोणता मिळणार? मुलगी हंसली नाहीं, पण "मग मीं कशाच्या रोखानें मारला?" असें तिनें विचारलें.

"मारतांना तुला काय दिसत होतें?"

"ती गोलरक्षक मुलगी. दुसरें कांहीं दिसतच नव्हतें, आजोबा."

आदिपर्वांतील द्रोणाचार्यांची परीक्षा आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. झाडावर कारागिरांकडून करवून ठेवलेला पक्षी, आणि त्याच्या मस्तकाखेरीज कांहीं न पाहणारा अर्जुन. ही कथा आपण एकाग्रतेचा धडा म्हणून सांगतों. परंतु माझ्या नातीची एकाग्रता कांहीं कमी नव्हती. तिलाही एकच वस्तु दिसत होती. मात्र ती वेधावयाची वस्तु नव्हती. कथेचा हा अर्धा भाग मी इतकीं वर्षें सांगावयाचा विसरलों होतों. विशेष हें कीं, इंग्लंडांतील एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पेनल्टी मारणारांच्या डोळ्यांच्या हालचाली यंत्रानें टिपल्या, तेव्हां हेंच आढळलें. मनावर चिंतेचा भार पडला कीं नजर गोलरक्षकाकडे लवकर वळते, तेथेंच अधिक वेळ खिळते, आणि चेंडूही नजरेमागून मध्याकडे, म्हणजे गोलरक्षकाच्या आवाक्यांत जातो. हा कोणाच्या उपजत गुणाचा प्रश्न नाहीं. नजर कोठें ठेवावयाची याची संवय लावलेली नसली, तर ती भीतीच्या मागें जाते, इतकेंच.

मग आम्हीं दोघांनीं कागद, पट्टी व कोनमापक घेतलें. गोलाची रुंदी २४ फूट, उंची ८ फूट. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून १२ यार्डांवर, म्हणजे ३६ फुटांवर. तेथून दोन्ही खांबांकडे रेघा ओढल्या तर मधला कोन सुमारें ३७ अंशांचा होतो. दार एवढें रुंद. परंतु मध्यें माणूस उभा असल्यामुळें खरी वाट दोन्ही कडांनाच उरते. म्हणून खांबाच्या आंत दोन फुटांवर, जमिनीलगत, एक बिंदु धरिला. पेनल्टीच्या खुणेवरून त्या बिंदूचा नेम एका अंशानें चुकला तर चेंडू सुमारें आठ इंच सरकतो. फुटबॉलचा व्यासच पावणेनऊ इंचांच्या आसपास असतो. म्हणजे दोन अंश चूक झाली तरी चेंडू खांबाला न लागतां आंत जातो. हेंच १८ यार्डांवरून केलें तर एका अंशाला सुमारें बारा इंच पडतात, आणि दोन अंशांची चूक चेंडूला खांबावर नेऊन आदळते. ताशीं ७० किलोमीटर वेगानें मारलेला चेंडू पेनल्टीच्या खुणेपासून गोलरेषेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून किंचित् अधिक वेळांत पोंचतो. गोलरक्षकाला विचार करण्यास सवड अशी नसतेच. हें गणित मांडून झाल्यावर मुलीच्या तोंडावर प्रथमच थोडी टवटवी आली. 'माझ्यांत नेम नाहीं' यापेक्षां 'माझा नेम इतके अंश चुकतो' हें वाक्य सोसावयास हलकें असतें.

नेम चुकण्याचें दुःख फक्त शाळेंतल्या मुलींनाच होतें असेंही नाहीं. ३१ जुलै १९४८ रोजीं, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच ऑलिंपिकमध्यें, लंडनजवळ इल्फर्ड येथें आपला संघ फ्रान्सशीं खेळला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्यांच्या खेळाचें कौतुक झालें, पण सामना २-१ असा गेला, आणि त्या सामन्यांत आपल्या दोन पेनल्टी वायां गेल्या होत्या. पुढें आठ वर्षांनीं, १९५६ सालीं, मेलबोर्न येथें याच स्पर्धेंत आपण यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असें हरविलें. त्यांतले तीन गोल नेव्हिल डिसूझा यांचे. गोव्यांत जन्मलेला, मुंबईच्या मैदानांवर वाढलेला हा खेळाडू ऑलिंपिक फुटबॉलमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारा पहिला आशियाई ठरला, आणि आपला संघ चौथा आला. आज मुंबईंत किती घरांत हें नांव माहीत असेल, कोण जाणे! आमच्या घरींही तें शोधून काढावें लागलें.

आतां सरावाविषयीं. गोरेगांवांत मोकळी जागा मिळविणें हाच प्रथम एक लक्ष्यवेध होय. पांडुरंगवाडींत आमच्या इमारतीच्या आवारांत मोटारी इतक्या दाटीनें उभ्या असतात कीं त्यांतून माणसालाच वाट काढावी लागते. मागील बाजूस पाण्याच्या टाकीशेजारीं एक भिंत रिकामी आहे. रखवालदाराची परवानगी काढून तिच्यावर खडूनें दोन चौकोन आंखले, दोन फूट लांबीरुंदीचे. बूट माळ्यावरून खालीं आले. चिरंजीवांनीं पाहून न पाहिल्यासारखें केलें.

पहिला आठवडा चेंडू जोरानें मारावयाचाच नाहीं, असें ठरविलें. शाळेंतील शिक्षिकेनें तिला सांगितलेंच होतें, आणि पुस्तकांतही तेंच सांपडलें, कीं नेम मारणाऱ्या पायापेक्षां टेकलेल्या पायावर अधिक अवलंबून असतो. तो पाय चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर पडावा आणि त्याचीं बोटें चौकोनाकडे वळलेलीं असावींत. तो मागें पडला कीं शरीर मागें झुकतें आणि चेंडू आकाशांत जातो. मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ, पावलाची आंतली बाजू चेंडूच्या मध्यावर. ही बाजू रुंद असल्यानें दिशा नीट राहते. पावलाच्या वरच्या भागानें मारल्यास जोर येतो, पण तो धडा पुढचा. नजर आधीं चौकोनावर, क्षणभर तेथें ठरलेली, मग चेंडूवर, आणि चेंडू सुटेपर्यंत तेथेंच. मान लवकर वर उचलण्याची संवय मोडण्यास पंधरा दिवस लागले.

या ठिकाणीं माझी एक मोठी चूक झाली, ती सांगितली पाहिजे. मी जुना पाठांतराचा मास्तर. एकाच जागीं चेंडू ठेवून रोज पन्नास फटके, असा मीं नेम घालून दिला. आंकडे भराभर वाढले. पहिल्या रविवारीं विसांत चार चौकोनावर लागले होते, ते तिसऱ्या आठवड्यांत अकरा झाले, आणि मला फार धन्यता वाटली. मग एका रविवारीं मैदानावर नेऊन चेंडू चार पावलें बाजूला ठेविला मात्र, ते अकरा पुन्हां पांचांवर आले! मुलगी भिंतीवरची ती एक जागा शिकली होती. नेम शिकली नव्हती.

त्यानंतर वाचनांत १९७८ सालचा एक प्रयोग आला. केर व बूथ या दोन संशोधकांनीं आठ वर्षांच्या मुलांना बियांची लहान पिशवी खुणेवर टाकावयास शिकविलें. कांहीं मुलांनीं तीन फुटांवरूनच सराव केला. कांहींनीं दोन व चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून मुळींच नाहीं. शेवटीं परीक्षा तीन फुटांवरून घेतली, तर ज्यांनीं त्या अंतरावरून एकदांही पिशवी टाकली नव्हती तींच मुलें सरस ठरलीं. माझ्या पन्नास फटक्यांचें उत्तर तेथें होतें. पतंजलींनीं अभ्यास दृढ होण्यास तीन गोष्टी सांगितल्या आहेत: तो दीर्घकाळ व्हावा, अखंड व्हावा, आणि सत्कारपूर्वक व्हावा. पहिल्या दोन मीं मुलीकडून करवून घेतल्या होत्या. तिसरी, म्हणजे प्रत्येक वेळीं जागरूक मनानें करणें, ती एकाच जागेवरून पन्नास वेळां मारतांना राहतच नाहीं. दहाव्या फटक्यानंतर पाय मारीत असतो आणि मन स्वयंपाकघरांतल्या वासाकडे असतें.

तेव्हां पद्धत बदलली. कोणतेही दोन फटके लागोपाठ एका जागेवरून नाहींत. एकदां आठ पावलांवरून, मग पंधरांवरून. एकदां डाव्या कोनांतून, मग समोरून. कधीं उभा चेंडू, कधीं मीं हातानें सोडलेला गडगडता चेंडू. आणि चार उजव्या पायाच्या फटक्यांमागें एक डाव्याचा. मारण्यापूर्वीं कोणता चौकोन तें मोठ्यानें म्हणावयाचें. फटके पन्नासांवरून तिसांवर आणले. शेवटचे पांच आवाराला दोन फेऱ्या धांवून आल्यावर, कारण सामन्यांत दम लागलेला असतांनाच पेनल्टी येते. गोलरक्षक म्हणून तिचा धाकटा चुलतभाऊ भिंतीपुढें उभा राहून हात हालवी, वेडेंवांकडें तोंड करी, आणि हिनें त्याच्याकडे पाहिलें कीं तो फटका वहींत बाद. हा भाग सर्वांस फार आवडला; वरच्या मजल्यावरच्या गॅलऱ्यांतून प्रेक्षक मिळूं लागले.

या पद्धतींत एक गोष्ट पालकांनीं आधींच समजून असावी. सराव चालू असतां आंकडा खालीं येतो. रोज जागा बदलली कीं विसांत अकराचे सात होतात, आणि मूल म्हणतें कीं आपण मागें चाललों. वहींतल्या त्या आठवड्यांच्या समासांत हिनें पेन्सिलीनें 'कशाला?' असें दोनदां लिहिलेलें आहे. तें मीं खोडलें नाहीं. महिन्यानें मैदानावरील नव्या जागेवरून विसांत दहा आले, तेव्हां तिनेंच तें खोडलें.

कोल्हापुरांत फुटबॉलच्या संघांस तालमींचीं नांवें आहेत: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. याच गांवचा अनिकेत जाधव २०१७ सालीं आपल्या देशांत झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेंत भारताकडून खेळला. तालीम हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ शिकविणें. कुस्तीच्या हौद्याला हें नांव ज्यांनीं दिलें आणि पुढें तेंच फुटबॉलच्या संघांना ठेविलें, त्यांना मैदान व शाळा यांतलें अंतर आमच्या चिरंजीवांहून कमी वाटत असावें. चिरंजीवांशीं तह झाला आहे: सकाळचा अर्धा तास, आणि सहामाहींत गणिताचे गुण घसरले तर खडू जप्त.

आषाढांत शेजारच्या शाळेशीं एक मैत्रीचा सामना झाला. मैदान चिखलाचें, चेंडू जड. सामना गोलशून्य संपला. शेवटच्या कांहीं मिनिटांत पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून हिला एक संधि मिळाली. हिनें मारलेला चेंडू गोलरक्षकाला पार चुकवून खांबावर आदळला आणि बाहेर गेला. मी कुंपणाशीं छत्री धरून उभा होतों. घरीं येतांना रिक्षांत ती कांहींच बोलली नाहीं, आणि मला माळ्याची आठवण होऊं लागली. घरीं आल्यावर तिनें बूट पुसले, वर्तमानपत्राचे बोळे आंत कोंबून ते खिडकीशीं वाळत ठेविले, आणि वही काढून लिहिलें: 'खांब. १८ यार्ड. दोन अंश.' मग म्हणाली, "आजोबा, पावसानें भिंतीवरचा चौकोन धुवून गेला असेल. खडू कोठें आहे?"