बोल्टनचा गडी

वाचकहो, फुटबॉलचा खेळाडू आज या क्लबात तर उद्या त्या क्लबात, हे आता इतके अंगवळणी पडले आहे की, जन्मगाव आणि क्लब दोन्ही आयुष्यभर एकच असलेला खेळाडू पाहून आपल्याला नवल वाटावे. नॅट लॉफ्टहाउस हा तसा खेळाडू होता. बोल्टन हे तेव्हा इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील सूतगिरण्यांचे गाव होते. तेथे २७ ऑगस्ट १९२५ रोजी नॅट जन्मला, आणि दुसरे महायुद्ध पुकारले गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, वयाच्या चौदाव्या वर्षी, गावच्याच बोल्टन वाँडरर्स क्लबात दाखल झाला.

युद्धकाळात काही तरुणांना सैन्याऐवजी कोळशाच्या खाणीत धाडीत. नॅटच्या वाट्याला खाण आली. सामन्याच्या दिवशीही पहाटे उठून आधी खाणीत ढकलगाड्या लोटायच्या आणि मग मैदानावर उतरायचे, असा त्याचा क्रम असे. त्याचा खेळही त्या कामासारखाच होता. चेंडूशी लीला करणे त्याला जमत नसे. धावणे, डोक्याने चेंडू मारणे आणि जोरकस फटका हाणणे ही तीन कामे मात्र तो न थकता करी.

२५ मे १९५२ रोजी व्हिएन्नात ऑस्ट्रियाविरुद्ध दोन-दोन अशी बरोबरी असताना तो जवळजवळ अर्ध्या मैदानापासून चेंडू घेऊन एकटाच धावला. गोलरक्षक त्याच्यावर येऊन आदळला. चेंडू जाळ्यात गेला तेव्हा नॅट बेशुद्ध पडला होता. ‘व्हिएन्नाचा सिंह’ हे नाव त्याला तेव्हापासून चिकटले.

पण बोल्टनकरांच्या मनात खरे घर केले ते कपच्या दोन अंतिम सामन्यांनी. १९५३ साली बोल्टन तीन-एक असे पुढे असूनही ब्लॅकपूलकडून चार-तीन हरले. पाच वर्षांनी पुन्हा संधी आली, ती मोठ्या विचित्र वेळी. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्यूनिक येथे झालेल्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू गेले होते, आणि तरीही तो क्लब अंतिम सामन्यात पोहोचला होता. बोल्टनबाहेरच्या बहुतेक इंग्लंडला मँचेस्टरच जिंकावे असे वाटत होते. ३ मे रोजी बोल्टन दोन-शून्य जिंकले. दोन्ही गोल नॅटचे. दुसऱ्या गोलाच्या वेळी त्याने गोलरक्षक हॅरी ग्रेगला चेंडूसकट गोलात ढकलले. त्या काळी गोलरक्षकाला खांद्याने धक्का देण्यास मुभा होती, पण हा धक्का त्या मुभेतही बसत नव्हता. पंचांनी गोल दिला. नॅटने पुढे स्वतःच कबूल केले की, तो गोल नियमबाह्य होता. कप मात्र बोल्टनकडेच राहिला. त्या दिवशीच्या अकरा जणांना मिळवण्यासाठी क्लबाला प्रत्येकी दहा पौंड, म्हणजे अवघे ११० पौंड पडले होते!

आपण विचाराल, हा माणूस दुसरीकडे गेला का नाही? येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. त्या काळी इंग्लंडात खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती (१९५८ साली आठवड्याला वीस पौंड), आणि करार संपला तरी क्लबाच्या संमतीवाचून त्याला अन्यत्र जाता येत नसे. तेव्हा नॅटच्या निष्ठेतला काही भाग नियमांचाच होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पगाराची मर्यादा १९६१ च्या जानेवारीत उठली. नॅटचा खेळ दुखापतीने १९६० सालीच संपला होता.

मात्र खेळ संपल्यावर त्याला बांधून ठेवणारा कोणताही नियम नव्हता, आणि तरीही तो क्लबातच राहिला. आधी सहाय्यक प्रशिक्षक, मग मुख्य प्रशिक्षक, मग व्यवस्थापक. व्यवस्थापकाचे काम त्याला फारसे मानवले नाही. क्लबाची उतरती कळा त्याने जवळून पाहिली. १९६४ साली पहिली श्रेणी गेली, १९७१ साली दुसरी. १९८६ साली तो क्लबाचा अध्यक्ष झाला, आणि पुढच्याच वर्षी बोल्टन चौथ्या श्रेणीत घसरले! त्याने पद सोडले नाही. पुढे क्लब पुन्हा वर चढला, १९९७ साली नव्या मैदानावर गेला, आणि तेथील पूर्वेकडच्या सज्जाला नॅटचे नाव देण्यात आले.

१५ जानेवारी २०११ रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. बोल्टनसाठी त्याने केलेल्या २८५ गोलांच्या पुढे त्या क्लबाचा दुसरा कोणताही खेळाडू गेलेला नाही.