हाताला पेलेल तेवढंच

आपल्याकडे पिस्तूल पाहिलं जातं ते पडद्यावर. नायक धावत्या जीपमधून एका हाताने धडाधड गोळ्या झाडतो. त्याचा हात तसूभर हलत नाही, कपाळावरची झुलपंही विस्कटत नाहीत. गोळी पुढे जाते तेव्हा मागेही काहीतरी येतं, हे दाखवायला दिग्दर्शकाला सवड नसते. खऱ्या पिस्तुलाचा निम्मा कारभार मात्र मागेच चालतो.

मी अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात फीनिक्सच्या जवळ राहतो. मेकॅनिकल इंजिनिअरची नोकरी करून निवृत्त झालो आणि गेली काही वर्षं दर शनिवारी सकाळी एका नेमबाजीच्या क्लबात सुरक्षेची देखरेख करतो. पगार नाही, चहासुद्धा घरून न्यायचा. अमेरिकेतल्या बंदुकांच्या सुळसुळाटाबद्दल माझी काही कडू मतं आहेत, पण तो आजचा विषय नाही. आजचा विषय आहे मोठ्या रिव्हॉल्व्हरचा धक्का, आणि तो आपल्याला झेपतो की नाही हे ओळखण्याचा.

धक्क्याचं गणित शाळेतलंच आहे. न्यूटनचा तिसरा नियम. स्मिथ अँड वेसन कंपनीने २००३ साली .५०० मॅग्नम नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. त्याची गोळी २६ ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला ५०० मीटर. लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरचं वजन दोन किलो. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा वायू यांचा हिशेब मांडला तर ते दोन किलोचं धूड ताशी २५ किलोमीटरच्या वर वेगाने मागे येतं. आपल्या नेमबाज मुली स्पर्धेत वापरतात त्या .२२ पिस्तुलाच्या धक्क्याशी तुलना केली, तर ही ऊर्जा शंभरपटीहून जास्त भरते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं ते अशाच .२२ च्या पिस्तुलावर. नेमबाजीतलं कसब आणि धक्क्याचा आकार यांचा काडीचाही संबंध नाही, हे त्यावरून लक्षात यावं.

बरं, हे धूड सरळ मागे येत नाही. नळी मुठीच्या वर असते, त्यामुळे मागे येता येता ती वर उसळते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच ही बिजागरी होते आणि सगळा भार मनगटावर येतो. पकड सैल असेल तर नळी थेट कपाळाकडे येते. आणखी एक धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. धक्क्याने दचकलेला माणूस हातातून सुटणारी वस्तू घट्ट धरायला जातो, बोट चापावर असतंच, आणि त्याच्या नकळत दुसरी गोळी सुटते. त्या क्षणी नळी कुठे रोखलेली असेल ते सांगता येत नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे: नवख्या माणसाच्या हाती मोठं रिव्हॉल्व्हर द्यायचं तर त्यात काडतूस एकच. बाकीची घरं रिकामी.

या मोठेपणाची हौस लोकांना लागली ती सिनेमामुळेच. .४४ मॅग्नम बाजारात आलं १९५६ च्या सुमारास. एल्मर कीथ नावाच्या, गुराखी म्हणून वाढलेल्या आणि पुढे शिकारीवर लिहिणाऱ्या गृहस्थाने त्यासाठी वर्षानुवर्षं कंपन्यांच्या मागे लकडा लावला होता. तरी खप बेताचाच होता. १९७१ मध्ये 'डर्टी हॅरी' आला, क्लिंट ईस्टवुडने ते रिव्हॉल्व्हर रोखलं आणि मागणी अशी वाढली की दुकानात ते मिळेना. गंमत पुढेच आहे. १९७३ च्या 'मॅग्नम फोर्स' या दुसऱ्या भागात तोच हॅरी नेमबाजीच्या मैदानावर तरुण पोलिसांना सांगतो की आपण त्यात हलकं काडतूस भरतो, त्याने ताबा चांगला राहतो. पण हे वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिली ती नळी.

पोलिसांनाही हा धडा सरळ मिळाला नाही. १९८६ च्या एप्रिलमध्ये मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन जवान ठार झाले आणि पाच जखमी. एका दरोडेखोराला लागलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली होती आणि तो लढत राहिला होता. मग जोरदार गोळीचा शोध सुरू झाला. १० मिलिमीटरचं पिस्तूल निवडलं गेलं. पण पूर्ण ताकदीच्या काडतुसाचा धक्का अनेकांना आवरेना, म्हणून हलकं काडतूस बनवून घेतलं. काडतूस हलकं झाल्यावर एवढं मोठं पिस्तूल कशाला, असा प्रश्न आलाच आणि १९९० मध्ये त्यातून .४० चं आखूड काडतूस जन्माला आलं. पुढे गोळ्यांची रचना सुधारली. २०१४ मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने लिहून दिलं की बहुतेक माणसं ९ मिलिमीटरने अधिक जलद आणि अधिक अचूक मारतात. २०१६ मध्ये पुन्हा ९ मिलिमीटरची पिस्तुलं घेतली गेली. तीस वर्षांची प्रदक्षिणा झाली. ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे त्यांची ही कथा, तर हौशी माणसाने छाती किती काढावी?

पण मला खरा राग येतो तो स्वतःच्या धाडसाने मोठं हत्यार उचलणाऱ्याचा नव्हे. तो निदान आपलंच मनगट पणाला लावतो. राग येतो तो दुसऱ्याच्या हातात ते ठेवून गंमत बघणाऱ्याचा. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवरा किंवा मित्र येतो, आयुष्यात कधी पिस्तूल न धरलेल्या बाईच्या हातात सगळ्यात मोठं रिव्हॉल्व्हर देतो आणि स्वतः दोन पावलं मागे सरून फोनवर चित्रण करू लागतो. ती किंचाळेल, मागे धडपडेल, मग हसू. मी सरळ मध्ये जातो आणि थांबवतो. शिव्याही खाल्ल्या आहेत.

ही गंमत कुठवर जाते ते इथल्या लोकांनी पाहिलेलं आहे. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्ड गावी एका प्रदर्शनात आठ वर्षांच्या मुलाच्या हातात छोटी स्वयंचलित उझी दिली. धक्क्याने नळी वर आणि मागे वळली आणि त्याचीच गोळी त्याच्या डोक्यात गेली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच राज्यात, व्हाइट हिल्सला, सुट्टीवर आलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हातून उझी अशीच वर उसळली आणि शेजारी उभा असलेला तिचा शिक्षक गेला. उझी काही रिव्हॉल्व्हर नव्हे, पण नळी उसळण्याचं कारण तेच. दोन्ही ठिकाणी मोठी माणसं जवळ उभी होती. त्या मुलीने उरलेलं आयुष्य हे घेऊन काढायचं.

मग सुरुवात कशी करावी? गेल्या हिवाळ्यात एका स्नेह्याची मुलगी शिकायला आली. जन्म इथलाच, मराठी मात्र चांगलं. (इथे पालकांसाठी एक सूचना: भारतातून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याने नुसती हौस म्हणून बंदूक हातात घेणं इथल्या केंद्रीय कायद्यात बसत नाही, शिकारीचा परवाना असणं यांसारखे मोजके अपवाद आहेत. मुलं शिकायला येतात, मित्रांबरोबर मैदानावर जातात आणि त्यांना हे कुणी सांगत नाही.)

"काका, मला ते मोठं चालवायचंय," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं.

"चालवशील. आधी हे."

हे म्हणजे .२२. तीन शनिवार तेच. मग .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर, पण आत .३८ स्पेशलची मवाळ काडतुसं. ही फार चांगली सोय आहे. .३५७ मध्ये .३८ स्पेशल चालतं, .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल चालतं. हत्यार तेच, वजन तेच, धक्का मात्र निम्म्याहून कमी. मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर, दोन्ही हात, कोपरं किंचित वाकलेली. डावा अंगठा चक्राच्या पुढच्या फटीजवळ न्यायचा नाही, तिथून सुटणारा तप्त वायू कातडी कापतो. कानात बोळे आणि त्यावर कर्णरक्षकही. दोन्ही.

चौथ्या शनिवारी मी तिच्याकडे पाठ करून चक्रात चार काडतुसं भरली, दोन घरं रिकामी ठेवली आणि चक्र फिरवून दिलं. कुठलं घर रिकामं ते तिला माहीत नाही. पहिले दोन बार ठीक झाले. तिसऱ्याला चाप ओढला, नुसतं 'टक्' झालं आणि नळीने खाली चांगली दोन बोटं डुबकी मारली. येणाऱ्या धक्क्याच्या भीतीने हात आधीच खाली ढकलला जातो. बार झाला की हे दिसत नाही, धक्क्यात झाकलं जातं. माणूस म्हणतो, पिस्तुलाचा नेम बिघडलाय. रिकामं घर त्याला खरं काय ते दाखवतं.

ती हिरमुसली. "म्हणजे मी घाबरते?"

"तू नाही, हात घाबरतो. त्याला विचारून पुढे जायचं."

माझा हातही आता विचारून घ्यावा लागतो. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात सुरू झालाय. डॉक्टरांनी बंदी घातली नाही, फक्त विचारलं की या हाताने आणखी काय काय करता. मी म्हटलं, गणपतीत तबला वाजवतो. ते हसले आणि गप्प बसले. त्या महिन्यात मी .४४ मॅग्नमची उरलेली काडतुसं एका तरुण सभासदाला देऊन टाकली. आता त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल, आणि तीही शनिवारी बारा. तेराव्याला कागदावरची भोकं पांगायला लागतात, हे मी वहीत तारखेनिशी लिहून ठेवलं आहे. म्हणून बारा.

ती मुलगी मार्चमध्ये .४४ पर्यंत आली. एकच मॅग्नम काडतूस भरलं. बार झाला, नळी वर गेली, पण हातातच राहिली. गोळी कागदावर, मधल्या वर्तुळाच्या जरा खाली. तिचे डोळे चमकले. मी दुसरं काडतूस पुढे केलं. तिने उजवा हात झटकला, बोटं उघडली-मिटली आणि मान हलवली.

"आज नको, काका. .३८ च उडवते."

डब्यात वीस होती. तिने सगळी उडवली.