उभ्या गाडीचे इंजिन का पळते?

मारुती ८०० मध्ये २००० सालच्या सुमारास कार्बुरेटर जाऊन पेट्रोलचे इंजेक्शन आले. अशी एखादी जुनी गाडी आज हिंगणघाटच्या गॅरेजात उभी आहे असे समजा. अॅक्सिलरेटरवर पाय नाही, तरी इंजिन मिनिटाला ८००-९०० ऐवजी १,५०० फेरे घेते. का बरे?

थंड इंजिनाला सुरुवातीस जादा वेग लागतोच. तापल्यावरही वेग उतरला नाही, तर प्रथम अॅक्सिलरेटरची तार अडकली आहे का ते पाहावे. नंतर रबरी नळ्या. थ्रॉटलची झडप मिटलेली असताना तिच्या पुढच्या नळीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. त्यात इंजिनाची धग. जुने रबर कडक होऊन तडकते आणि फटीतून हवा आत घुसते. दाब मोजणाऱ्या यंत्रणेला वाटते, झडपच उघडली. ती पेट्रोलही वाढवते!

मिस्त्री एकेक नळी क्षणभर चिमटतो. वेग उतरला, की हवेची वाट सापडली. ही तपासणी उघड्यावरच करावी. धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो.

कारण न शोधता नुसता स्क्रू पिळणे म्हणजे ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर झटकणे!