एक की नऊ?

नवी पेठेत कपड्यांच्या दुकानांच्या गर्दीत एक झेरॉक्सचे दुकान आहे. आई गेल्यावर घरावर आम्हा भावंडांची नावे लावायची होती. त्यासाठी वडिलांनी १९५८ साली केलेले बारा पानांचे खरेदीखत घेऊन मी तिथे गेलो. मुलाने ते स्कॅन केले आणि म्हणाला, "काका, पीडीएफ अठ्ठेचाळीस एमबीची झाली. तिकडे पाचचीच परवानगी आहे. बारीक करून देतो." दोन बटणे दाबली, एक एमबीसुद्धा उरली नाही. मी खूश!

पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता, क्षेत्रफळ वाचता येत नाही. चष्मा लावून पाहिले, तर ११४० चौरस फूट की १९४०, मलाही सांगता येईना. बँकेत उभी हयात आकड्यांत गेलेल्या माणसावर ही वेळ!

मग भाच्याला घेऊन बसलो आणि हे वजनाचे गणित समजून घेतले. पीडीएफ ही नुसती पेटी. जड असतात त्या आतल्या तसबिरी. ए-फोर आकाराचे पान इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने स्कॅन केले, की सुमारे सत्त्याऐंशी लाख ठिपके होतात. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे दाबण्याआधी एका पानाचे सव्वीस एमबी. तीनशेचे दीडशे ठिपके केले, की वजन निम्मे नव्हे, चौथाई होते. रंग काढून करडे ठेवले, तर त्याचाही तिसरा हिस्सा. त्यावर जेपेगची दाबणी. ती डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते. मात्र फार आवळली, की अक्षरांभोवती धुरळा उठतो. आणि एकदा टाकलेले परत येत नाही.

आमच्या मुलाने ठिपके आणि दाबणी, दोन्हीकडून एकदम आवळले होते.

पण पुसट आकडा निदान शंका तरी आणतो. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना इंग्रजी ६ च्या जागी चक्क ८ छापत होती, तेही स्वच्छ! जागा वाचवण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच समजून एकीचाच ठसा सगळीकडे मारत होते. कंपनीला पुढे दुरुस्ती द्यावी लागली. बँकेत असा बदल कोणी हाताने केला असता, तर चौकशी लागली असती.

आम्ही पुन्हा मूळ स्कॅनपासून सुरुवात केली. आधीच आवळलेल्या फाइलीला हात लावला नाही. मजकुराची पाने करडी, दोनशे ठिपक्यांची, मध्यम दाबणीची केली. शिक्क्याचे पान रंगीतच ठेवले. क्षेत्रफळाचे पान तीनशेवरच राहू दिले. सगळे मिळून चार एमबी भरले. मग प्रत्येक आकडा पडद्यावर मोठा करून मूळ कागदाशी ताडून पाहिला. भाचा वाचत होता, मी टिक करत होतो. जुनी सवय.

या वेळी अर्ज परत आला नाही. क्षेत्रफळ ११४० होते. अठ्ठेचाळीस एमबीची मूळ फाइल आता दोन ठिकाणी ठेवली आहे, आणि खरेदीखत पुन्हा आईच्या ट्रंकेत.