स्टेम सेल: उपचार कोणता, प्रयोग कोणता?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं मूल घरात असलं की मध्य प्रदेशातल्या लालबर्र्याच्या कुटुंबाची वाट बालाघाट, गोंदिया आणि मग नागपूरकडे जाते. बैहर-परसवाड्याकडच्या गोंड-बैगा वस्त्यांत हा आजार आहेच, पण विदर्भात बिगरआदिवासी समाजांतही तो आढळतो. दुखण्याने कळवळणारं पोर घेऊन हिंडताना कुणीतरी ‘स्टेम सेल’ हा शब्द सांगतं, आणि आईबाप जमीन विकायलाही तयार होतात. म्हणून या शब्दाभोवतीचे गैरसमज वेळीच दूर व्हायला हवेत.

पहिला समज असा की हा सगळा नव्या जमान्याचा चमत्कार आहे. दुसरा त्याच्या उलट: ही सगळी फसवणूकच. दोन्ही चूक. रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचं, म्हणजे स्टेम सेलचं, रोपण, म्हणजेच बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ सालीच केलं. सिकलसेल आणि थॅलेसेमियातही ते आजार मुळापासून घालवू शकतं. मात्र त्यासाठी जुळणारा दाता लागतो, सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करण्याचा धोका उरतो. रक्ताचे आजार आणि तत्सम ठरावीक विकार सोडले तर मधुमेह, मेंदूचा पक्षाघात, मणक्याची इजा यांवर दिली जाणारी स्टेम सेलची इंजेक्शनं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) लेखी प्रयोगच आहेत. ऑटिझमसाठी असा उपचार करू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं.

‘मूलपेशी म्हणजे गर्भ मारून काढलेल्या पेशी’ हेही बरेच जण धरून चालतात. रोपणात अस्थिमज्जेतल्या, रक्तातल्या किंवा नाळेतल्या पेशी वापरतात. जपानच्या शिन्या यामानाका यांनी तर २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून मूलपेशींसारख्या पेशी घडवल्या. भ्रूणावरचं संशोधनही आहे. मुंबईच्या परळमधल्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत भ्रूणापासूनच्या मूलपेशींच्या मालिका तयार झाल्या. पण त्याला जोडप्याची लेखी संमती लागते आणि चौदा दिवसांपुढे भ्रूण प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. माणसाचा क्लोन जन्माला घालण्यास बंदीच आहे.

बाळाची नाळ खासगी बँकेत ठेवली की त्याला आयुष्यभराचं कवच मिळालं, हा समज फार महाग पडतो. आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या वीस वर्षांत स्वतःचं नाळेचं रक्त स्वतःलाच लागण्याची शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्के आहे. शिवाय सिकलसेलचा दोष त्या रक्तातल्या पेशींतही असतोच, त्यामुळे त्या बाळाला त्या उपयोगी पडत नाहीत. थोरल्या भावंडाला सिकलसेल असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा धाकट्याच्या नाळेतलं रक्त जपावं की नाही हे रक्तविकारतज्ज्ञाला विचारावं.

आता कायद्याकडे येऊ. ‘डॉक्टर करतो म्हणजे परवानगी असणारच’ हा समज सर्वांत घातक. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या सूचना स्पष्ट आहेत: मान्य रोपण वगळता मूलपेशींचा माणसावरचा प्रत्येक वापर ही चाचणीच, आणि ती परवानगी घेऊनच करायची. २०१९ च्या औषध चाचणी नियमांत स्टेम सेलपासून बनलेलं उत्पादन ‘नवं औषध’ ठरतं. पण पेशींवर बरीच प्रक्रिया झालेली असली तरच. ‘आम्ही तुमच्याच पेशी काढतो, किंचित धुतो, परत टोचतो’ असं म्हणून काही दवाखाने याच फटीतून निसटायला बघतात. माझ्या मते ही फट नियमातच बुजवायला हवी. सूचनांच्या पुस्तिकेचा धाक पुरेसा नाही.

पैशाची गोष्ट त्याहून सोपी आहे. चाचणीतला उपचार हा प्रयोग आहे, मग त्याचं बिल रुग्णाकडून घेणं नैतिक नाही. इजा झाली तर मोफत उपचार आणि चाचणीमुळे झाली असल्यास भरपाई, हा रुग्णाचा हक्क आहे. संमतीपत्र त्याला कळेल अशा भाषेत असावं. कागद इंग्रजीत आणि घरात बोली पवारी किंवा मराठी, अशा अवस्थेत उमटलेला अंगठा ही संमती नव्हे. सात वर्षांवरच्या मुलालाही त्याच्या समजुतीनुसार विचारावं लागतं.

आणि ‘सरकारी नोंदणी आहे’ एवढं ऐकून थांबू नये. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका क्लिनिकमध्ये २०१५ साली तीन स्त्रियांच्या डोळ्यांत पोटाच्या चरबीतल्या पेशी टोचल्या गेल्या. चाचणी म्हणून सरकारी संकेतस्थळावर नोंद होती, पण प्रत्येकीने पाच हजार डॉलर भरले होते. तिघींची दृष्टी फार मोठ्या प्रमाणात गेली. आपल्याकडे चाचणीची नोंद सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत मोफत पाहता येते. त्या क्रमांकासोबत औषध महानियंत्रकांचं परवानगीपत्र आणि नीतिसमितीची मंजुरी दाखवायला सांगा. तिन्ही कागद समोर येईपर्यंत एक रुपयाही भरू नका, आणि दरम्यान सिकलसेलच्या मुलाचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.