शहराची तहान आणि शिवाराचे पाणी

मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली आगगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूर स्थानकात पोहोचली. तिला दहा वाघिणी होत्या व त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली आणि एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. २०१४ व २०१५ हे लागोपाठ दोन पावसाळे अपुरे गेल्याने मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी तंटे होऊ नयेत म्हणून त्या मार्चमध्ये शहरात जमावबंदीचा हुकूमही काढावा लागला होता.

या घटनेस आता बरीच वर्षे लोटली आहेत. परंतु धरणावर अवलंबून असलेले शहर आणि त्याच धरणाच्या पाण्यावर पिकणारे शिवार यांचा संबंध कसा असतो, हे समजून घेण्यास लातूरइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. म्हणून त्या प्रसंगाचा हिशेब येथे मांडला आहे.

हिशेब काय सांगतो?

२०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. शहरात माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर रोज सुमारे ५ कोटी १७ लाख लिटर पाणी लागते. २५ लाख लिटरची गाडी म्हणजे माणशी जेमतेम साडेसहा लिटर. गाडीने संकटकाळी आधार दिला, हे खरे. पण गाडीने पाणी आणून शहर वाढत नसते.

आता हेच पाणी शेताच्या मापाने मोजू. एक एकर जमिनीत साडेसात सेंटिमीटर उंचीचे पाणी साठले, तर ते सुमारे ३ लाख लिटर भरते. म्हणजे पन्नास वाघिणींच्या एका गाडीत आठ एकरांची एक पाळी निघते. सुरू उसाला पाटाने पाणी दिल्यास हंगामात सुमारे २५० सेंटिमीटर पाणी लागते. त्याचा पाचवा हिस्सा पावसाने भागला असे मानले, तरी एकरी ८० लाख लिटर उरतात. तेवढ्या पाण्यात शहरातील सुमारे १६० माणसांची वर्षभराची गरज भागते.

लातूरच्या साऱ्या शहराला वर्षभरात सुमारे १९ दशलक्ष घनमीटर पाणी पुरते. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर आहे. भरलेल्या धरणाला शहराचा भार जड नाही. अडचण येते ती धरण अर्धेमुर्धे भरले असतानाही भरलेल्या धरणाच्या भरवशावर पिके उभी केल्यामुळे.

यात शेतकऱ्याचे हित कोणते?

पाण्याच्या वाटपात पिण्याच्या पाण्याचा क्रम पहिला आहे. त्यामुळे टंचाईच्या वर्षी साठा पिण्यासाठी राखला जातो आणि कालव्याचे आवर्तन प्रथम थांबते. अशा वेळी बारा महिन्यांचे पीक लावलेल्याचे बेणे, खत व मजुरी सारे शेतातच वाळते. ज्याने साठा पाहून हरभरा किंवा रब्बी ज्वारी घेतली, त्याच्या पदरात काही तरी पडते. शिवाय दूध, भाजीपाला व धान्य विकले जाते ते शहरात, मुले शिकतात तीही तेथेच. शहर ओसाड पडले तर गावाची बाजारपेठ बसते.

शेतकरी उसाकडे वळतो यास कारण आहे. त्याला ठरलेला भाव व ठरलेले गिऱ्हाईक असते; तुरीच्या किंवा सोयाबीनच्या भावाची तशी खात्री नसते. म्हणून केवळ ऊस सोडा असे सांगून भागणार नाही. पाणी किती आहे ते आधी पाहावे आणि मगच किती ऊस ठेवायचा ते ठरवावे, हाच व्यवहार्य मार्ग होय.

गावाने काय करावे?

१. पाण्याचा जमाखर्च मांडावा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडले, हे सूत्र ध्यानी धरावे. धरणांच्या पाण्याचे नियोजन १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून होते. त्याच सुमारास गावाने पर्जन्यमापकावरील नोंद, विहिरींची पातळी व बंधाऱ्यांतील साठा ग्रामसभेपुढे ठेवावा. माणसे व गुरे यांचे पाणी प्रथम बाजूला काढावे आणि उरलेल्या पाण्यात रब्बीची पिके बसवावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी असा जमाखर्च दरवर्षी मांडला जातो. तेथे ऊस व केळी टाळून आणि शेतीसाठी विंधन विहिरी न घेता गावाने आपले पाणी टिकविले आहे.

२. ठिबक संच बसवावा, परंतु बचत राखावी. ठिबकाने उसाच्या पाण्यात सुमारे ४० टक्के बचत होऊ शकते. शंभर एकर ऊस ठिबकाखाली आणल्यास सुमारे ३२ कोटी लिटर वाचतात. लातूरसारख्या शहराला ते सहा दिवस पुरतील. मात्र वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला, तर बचत कागदावरच राहते. म्हणून संच बसविताना उसाचे क्षेत्र वाढवावयाचे नाही, असा ठराव गावाने करावा.

३. ओल शिवारातच मुरवावी. सोयाबीन रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरावे, म्हणजे जादा पाणी निचरून जाते व खंडाच्या काळात ओल टिकते. उसाचे पाचट जाळू नये. त्याचे आच्छादन करावे. पावसाचे पाणी गाळणीतून विहिरीत सोडून पुनर्भरण करावे.

४. विंधन विहिरींची चढाओढ थांबवावी. आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमाड थरात व भेगांत. खोल गेल्याने नवे पाणी निर्माण होत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी ओढले जाते इतकेच.

शहराचे कर्तव्य

हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही. शहराने गळक्या नळवाहिन्या दुरुस्त कराव्यात व पाणी मोजून द्यावे. लातूर भागात वर्षाला सरासरी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पडणाऱ्या या पावसातील पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी ६४ हजार लिटर पाणी हाती येते. घरात वापरलेल्या पाण्याचा बराच मोठा भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. तो शुद्ध करून शेतीस परत दिला, तर गावाने शहरास दिलेल्या पाण्याची काही प्रमाणात परतफेड होईल. शुद्ध न केलेले सांडपाणी मात्र कच्च्या खाण्याच्या भाजीपाल्यास कदापि देऊ नये.

२०१६ च्या पावसाळ्यात मांजरा धरण पुन्हा भरले. धरण भरले की टंचाईचा विसर पडतो, आणि पुढच्या टंचाईची पेरणी तेथेच होते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाण्याचा जमाखर्च दुष्काळी वर्षापुरता न ठेवता सुकाळातही दरवर्षी मांडावा व तो चावडीवर ठळक अक्षरांत लावावा. यंदाच्या पावसाळ्याअखेर प्रत्येक गावात निदान एकदा तरी हा हिशेब मांडला जाईल, अशी अपेक्षा आहे.