अमेरिकेत म्युझिक थेरपी कशी मिळते?

पक्षाघातात मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, की काहींना 'पाणी' एवढा शब्दही उच्चारता येत नाही. तरी तीच माणसं ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणू शकतात. या शिल्लक राहिलेल्या क्षमतेचा आधार घेऊन रोजची वाक्यं चालीवर, डाव्या हाताने ठेका धरत म्हणायला लावायची आणि मग चाल हळूहळू काढून घ्यायची, ही पद्धत बोस्टनच्या संशोधकांनी १९७३ मध्ये मांडली. २०११ मध्ये डोक्यात गोळी लागलेल्या खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांना पुन्हा बोलतं करण्यातही म्युझिक थेरपीचा वाटा होता.

हे काम करणाऱ्याला तिथे आधी मान्यताप्राप्त पदवी घ्यावी लागते. गायन-वादनाबरोबर मानसशास्त्र आणि शरीरशास्त्र शिकावं लागतं, देखरेखीखाली किमान १२०० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं आणि मग राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. ती घेणारं मंडळ १९८३ पासून आहे. प्रमाणपत्राचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

गाणं ऐकवण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं अनेकांना वाटतं. पण संगीत निरुपद्रवी असतं हा समज खरा नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला जास्त आवाज किंवा एकाच वेळी अनेक वाद्यं सोसत नाहीत. त्याच्या श्वासाकडे, हृदयाच्या ठोक्यांकडे बघत सूर कमी-जास्त करावा लागतो, प्रसंगी थांबवावा लागतो. क्वचित एखाद्याला विशिष्ट संगीतानेच अपस्माराचा झटका येतो. आघात सोसलेल्या माणसाच्या मनात एखादी धून सगळं पुन्हा जागं करते. अशा वेळी पुढे काय करायचं हे ठाऊक असलेला माणूस समोर हवा. म्हणून मला परवान्याचा प्रश्न थेरपिस्टच्या मानापेक्षा रुग्णाच्या सुरक्षिततेचा जास्त वाटतो.

आणि नेमका इथेच घोळ आहे. प्रमाणपत्र देशभर एक, पण परवान्याचे कायदे राज्यागणिक वेगळे. नॉर्थ डकोटा आणि नेव्हाडा यांनी २०११ मध्ये परवाना सुरू केला. न्यूयॉर्कमध्ये कला-उपचारकांच्या (त्यात म्युझिक थेरपिस्टही येतात) परवान्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, म्हणजे नुसत्या पदवीवर प्रमाणपत्र मिळवलेल्याला तो मिळत नाही. कॅलिफोर्नियाच्या २०१९ च्या कायद्याने फक्त पदनामाला संरक्षण दिलं. काही राज्यांत असा कायदाच नाही.

पैशाचंही तसंच. मानसिक आजारासाठी दिवसभर रुग्णालयात राहून संध्याकाळी घरी जाणाऱ्यांच्या उपचारात मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना संगीताचा समावेश मान्य करते, पण ते करमणुकीसाठी नसावं आणि डॉक्टरांच्या उपचार-योजनेत असावं, या अटीवर. खासगी विमा कंपन्या बहुधा प्रत्येक प्रकरण वेगळं तपासतात.

मुलांसाठी मात्र शाळेची वाट आहे, आणि अमेरिकेतल्या मराठी आई-वडिलांनी ती माहीत करून घ्यायलाच हवी. विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात पूरक सेवांची यादी आहे. तिच्यात संगीताचं नाव नाही, पण ती यादी तेवढ्यावर संपत नाही, असं शिक्षण खात्याने स्पष्ट केलेलं आहे. पालकांनी मूल्यमापनाची मागणी लेखी करावी. थेरपिस्ट मुलाच्या वैयक्तिक शिक्षण-योजनेतलं एखादं उद्दिष्ट घेतो, समजा रंग ओळखणं किंवा सूचना पाळणं. ती गोष्ट मूल आधी वर्गात संगीताशिवाय कशी करतं ते पाहतो, मग तीच संगीताच्या साहाय्याने करून घेतो. फरक ठळक दिसला तर शिफारस करतो. योजना ठरवणाऱ्या बैठकीत, जिथे पालकही बसतात, ती मान्य झाली की सेवा योजनेत लिहिली जाते आणि शाळेला ती विनामूल्य द्यावी लागते. नकार मिळाला तर पालकांना सुनावणी मागता येते.